मोगली एरंड

नातीला पाठुंगळी घेऊन भागी टेकडी उतरली, तेव्हा बेटेगावच्या शाळेसमोर जीप हार घालून उभी होती. मोगली एरंडाच्या तेलावर चालणारी गाडी बघायला सगळा पाडा लोटला होता. संस्थेचे कमलाकांत साहेब बॉनेटवर हात ठेवून बोलत होते. टेकडीच्या पडीक उतारावर लावलेल्या झाडांचं हे पहिलं तेल. उद्या यावर ट्रक चालतील, एसट्या चालतील.

भागी गर्दीतून थेट पुढे गेली. मंगळीची मान तिच्या खांद्यावर लोळत होती. ओकून ओकून पोरीचे डोळे खोल गेले होते.

"काय खाल्लं हिनं?" साहेबांनी विचारलं.

भागीने मूठ उघडली. तळव्यावर बियांची काळी टरफलं होती.

साहेबांचा चेहरा उतरला. "अगं, विषारी आहेत या. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर हे झाड निवडलं."

"गुरांना कळतं, सायेब. पोरीला गोड लागल्या. भूक लागली का ती उतारावर जायची, नागलीची कणसं चोळून खायची. आता तिथं नागली कुठं हाय?"

साहेबांनी हार ओढून काढला आणि जीपचं दार उघडलं.

बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मंगळीचं पोट धुतलं, सलाइन लावलं. भागी खाटेचा पाय धरून रात्रभर खाली बसून राहिली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "वाचली. पण आज फक्त पेजेचं पाणी द्यायचं."

न्यायला साहेब स्वतः आले. जीपमध्ये बसून भागीने नातीला मांडीवर घेतलं.

"सायेब, आमचा उतार आमाला परत द्याल?"

"संस्थेत विचारावं लागेल," साहेब समोर बघत म्हणाले.

रेल्वे फाटक बंद होतं. जीप थांबली, पण इंजिन चालूच होतं. वारा मागून आला आणि सायलेन्सरचा धूर आत शिरला. कढईत तेल तापावं तसा त्याचा वास.

मंगळीने हळूच डोकं वर उचललं.

"आजी, कोनाकडं वडे तळतात?"

भागीने पदराने तिचं नाक झाकलं.