गंजाची भिंत

“बार्बा ज्वाने, तो तारेचा ब्रश द्या आधी इकडे!”

राखणदार ज्वाने, इथल्या सगळ्यांचा बार्बा म्हणजे काका, त्याने ब्रश तेयाच्या हातात ठेवला. रियेका बंदरातल्या एका बंद पडलेल्या जहाजगोदीत उभं राहिलेलं हे संग्रहालय तिनेच आराखडा करून बांधलं होतं. अकराला उद्घाटन होतं आणि दहा वाजून गेले होते.

दारातली भिंत गंजलेल्या पोलादाची होती. गोदीत कामावर मेलेल्या एकोणीस जणांची नावं तिच्यात कोरली होती. अठरा नावं तांबूस होती. एक मात्र नव्या ताटासारखं लखलखत होतं. तोने स्क्लेपा.

“दोन वर्षं पाणी मारमारून आणलाय हा गंज,” तेया म्हणाली. “तो पोलादाला खात नाही, राखतो. किती वेळा सांगितलं तुम्हाला?”

“सांगितलंस, पोरी. कळलंही.”

“कसलं कळतंय!” तिकीट खिडकीतून नीवेस ओरडली. “अडतीस वर्षं जहाजं घासली यांनी. गंज दिसला की हात शिवशिवतात. काल माझी सायकल घासून ठेवली!”

तेयाला हसू आलं नाही. तिने मीठ आणि आम्लाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली उचलली. “पाहुणे यायच्या आत हे परत गंजवते. आणि उद्यापासून तुम्ही घरीच बसा.”

“बसतो घरी. पण ते नाव तेवढं तसंच राहू दे.”

“तुमचा दोस्त होता, मान्य. पण बाकीचे अठरा काय परके होते? याचंच का?”

ज्वाने भिंतीकडे वळला.

“गंजलेली पायरी तुटली आणि तोने शिडीवरून पडला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती शिडी घासायचं काम कुणाकडे होतं, ते कुणाला माहीत नाही. शुक्रवार होता. म्हटलं, सोमवारी करू.”



तेयाने बाटली खाली ठेवली. ती वाकली आणि तिने नावावरून बोट फिरवलं. शेवटच्या अक्षराच्या कोपऱ्यात अजून थोडी लाली होती. तिने ब्रश ज्वानेच्या हातात परत दिला.

“आजही शुक्रवारच आहे, बार्बा. एवढा कोपरा राहिलाय.”