समाधानाचा फॉर्म

"सिस्टर तुमच्याशी नीट बोलल्या का?" नर्सिंगच्या विद्यार्थिनीने बाळंतीण कावेरीला फॉर्ममधला सातवा प्रश्न विचारला आणि शेजारच्या खाटेवर सलाईन बदलणाऱ्या शालन सिस्टरांचा हात जागीच थांबला. काल कळा असह्य होऊन कावेरी किंचाळली, तेव्हा याच सिस्टर तिच्यावर खेकसल्या होत्या, "नवऱ्याजवळ जाताना बरं गोड लागलं! आता का बोंबलतेस?"

कावेरीने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "हो, बोलल्या की. समाधानी लिहा."

मुलगी पुढच्या वॉर्डात गेली. सिस्टरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मनाला काहीतरी टोचतच राहिलं. त्या कावेरीच्या खाटेजवळ आल्या.

"मला घाबरून खोटं सांगितलंस ना गं?"

"खोटं कशाला सांगू?" कावेरीला खरंच नवल वाटलं. "सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं, दवाखान्यात मांडीवर फटके देतात, मुकाट सोसायचं. तुम्ही तर नुसत्या ओरडलात." आणि ती मनापासून हसली. "लई चांगल्या आहात तुम्ही."

तेवढ्यात लेबर रूममधून एक किंकाळी आली. सवयीने सिस्टरांच्या ओठांवर कालचंच वाक्य आलं. ते गिळून त्या आत धावल्या आणि टेबलावरच्या पोरीचा घामेजलेला हात त्यांनी घट्ट धरला. पण तिला धीर द्यायला बोलायचं काय, ते काही सुचेना. बावीस वर्षांत त्या खोलीत दुसरं वाक्य त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.