अस्वलाचे डोके

भर दुपारी, सावल्या पायांखाली गोळा झालेल्या असताना, खेळण्यांच्या दुकानासमोर अस्वल नाचत होते. त्या सोंगाच्या आत धाकटा दीर होता. बाहेरून त्याचा पंजा धरून वहिनी चालत होती, कारण तोंडाच्या जाळीतून अस्वलाला पायाखालचे काही दिसत नसे. धंद्याचा नियम एकच: मुलांसमोर डोके काढायचे नाही.

अस्वल झोकांडले. मुले खिदळली. वहिनीलाही हसू आले. दीर मुळातच नकलाकार, त्यात आज गर्दी. मग जाळीतून घोगरा आवाज आला.

“आई, दार उघड ना.”

“लाडात येऊ नका, भावोजी,” ती पुटपुटली. “अजून अर्धी गल्ली हसायची राहिलीय.”

तो पुन्हा तेच म्हणाला. एकच विनोद दोनदा करणे त्याच्या स्वभावात नव्हते.

तिने त्याच्या पंज्यात हात घातला. रोज विसाव्याला हा पंजा उलटा केला की घामाची धार लागे; त्यावरून ती त्याला गळका नळ म्हणून चिडवी. आज आतला हात ठणठणीत कोरडा होता आणि तव्यासारखा तापलेला.

तिने डोके उपसून काढले.

गलका जागीच विरला. एका चिमुरडीने भोकाड पसरले. दुकानदार धावत आला, आधी ते डोके घाला म्हणाला, आणि खालचा चेहरा पाहताच त्याने दिराच्या काखेत हात घातले. दोघांनी त्याला सावलीत ओढले. दुकानदाराने रुग्णवाहिका बोलावली. तोवर तिने सालीसारखी ती केसाळ कातडी सोलून काढली. दुकानदार पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी नेऊ लागला, तशी तिने त्याचे मनगट धरले.

“शुद्धीत नाहीत ते, ठसका लागेल. अंगावर ओता. मानेवर, काखेत.”

बादल्या रिकाम्या होत राहिल्या. खोक्याच्या झाकणाने ती वारा घालत राहिली, हात भरून आला तरी.

गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला, तेव्हा त्याच्या पापण्या हलल्या.

“वहिनी,” तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाशी वाकली.

“मुलांनी पाहिलं का?”

तिने वळून पाहिले. पायरीवर, उन्हात, अस्वलाचे डोके पडले होते. मघाची चिमुरडी त्याच्यापाशी उकिडवी बसून आपल्या बाटलीतले पाणी त्याच्या कापडी कानांवर जपून ओतत होती, आणि मधूनच फुंकर घालत होती.