दोनशे बारावी ओळ

शहराला पाणी सोडणारे पंप ज्या प्रोग्रॅमवर चालत, तो तिच्या बाबांनी तीस वर्षांपूर्वी लिहिला होता. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नव्यावर प्रोग्रॅम काही केल्या कंपाइल होईना, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात येईना, आणि दोन दिवस नळ कोरडे होते. तो ज्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिला होता, ती येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नसत, तरी ती त्यांना हाताला धरून पंपघरात घेऊन आली.

काळ्या स्क्रीनसमोर बसताच बाबांची पाठ ताठ झाली. बोटं आपसूक चालू लागली आणि त्यांनी कंपाइलरची कमांड एकही अक्षर न चुकता टाइप केली. तिच्या जिवात जीव आला. दारात उभ्या असलेल्या पाणीखात्याच्या साहेबांनीही सुस्कारा सोडला.

स्क्रीनवर उत्तर उमटलं, दोनशे बाराव्या ओळीत चूक आहे. बाबांनी ती ओळ उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काय चुकलंय, बाबा?"

"मला यातलं काही कळत नाही हो, बाई," ते ओशाळून म्हणाले. "पण लिहिणारा माणूस पक्का दिसतो. त्यालाच का बोलावत नाही तुम्ही?"

मग त्यांनी स्वतःच फाइल पहिल्या ओळीपर्यंत नेली. तिथे लिहिणाऱ्याचं नाव होतं. बाबांनी ते सावकाश, मोठ्याने वाचलं आणि तिच्याकडे वळून विचारलं,

"यांचा नंबर असेल ना तुमच्याकडे?"