सांगणाऱ्यालाही तीच

शर्वाणीनं निवाडायंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला. तिच्या धाकट्या भावाला, निहारला, भरधाव गाडीखाली चिरडणारा तन्मय समोरच्या बाकावर च्युइंगम चघळत निवांत बसला होता. कायदा त्याला पाठ होता. शिक्षा मृताच्या घरच्यांनी सांगायची, पण उद्या त्यांच्या हातून तसंच काही घडलं, तर यंत्र त्यांनाही तीच ठोठावणार. त्यामुळे मोर्चात फाशी मागणारेसुद्धा इथं येऊन ‘समज देऊन सोडा’ म्हणत.

"पोरी, तूही रोज स्कूटर दामटतेस," आत्या तिच्या कानाशी कुजबुजली. "तुझ्या चाकाखाली कुणी आलं तर? समज म्हण आणि मोकळी हो."

"काल चौकात ‘सोडू नका त्याला’ म्हणून तूच ओरडत होतीस ना, आत्या?"



शर्वाणीनं पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि आत्याच्या हातात कोंबली. "विकून टाक ती स्कूटर. मी जन्मभर पायी चालेन."

मग काचेकडे वळून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "जन्मठेप."

तन्मयचा जबडा चघळता चघळता थांबला.