सशाची आंघोळ
नात सशाला रोज नुसतं ब्रशनं विंचरायची. मायाक्काला ते पटेना. नात शाळेतून यायच्या आत तिनं त्याला बादलीत बुचकळून काढलं, लोकर कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात धुतात तसं. ससा लुळा पडला. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला. “सशाला आंघोळ? धसक्यानं आतडी थांबतात! कोरडा करा, ऊब द्या. मी मोहोळहून निघतोच. लेंडी पडली, तर वाचला समजा.” मायाक्कानं त्याला पुसून पदरात गुंडाळलं, छातीशी धरलं. त्याचे कान गार पडले होते. “चुकलं रं माजं. एक तरी टाक की!” खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला, तशी ती पदराआडून त्याचं पोट चोळू लागली. बेल वाजली, तेवढ्यात वाटाण्याएवढं काहीतरी बोटांना लागलं. जन्मभर पाट्यांनी मेंढरांच्या लेंड्या उपसलेल्या मायाक्कानं ती एकच लेंडी कपाळाला लावली, मग सुनेला म्हणाली, “आता उघड दार.”