कॅप्टनचा रोजचा प्रश्न

"सिस्टर, आज कॅप्टनना खरं सांगून टाका," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्या हातातला घडी केलेला टॉवेल खाली पडला.

"खरं म्हणजे?"

"सगळं. असं किती दिवस चालवायचं? खोटं ऐकून माणूस झोपतो फक्त. बरा होत नाही."

बोलायला यांचं काय जातं, असं तिच्या मनात आलं. कॅप्टन रोज दुपारी एकच गोष्ट विचारत, "सिस्टर, माझी सातही माणसं परत आली?" ती रोज सांगे, "आली. जेवून झोपलीसुद्धा." मग त्यांचा चेहरा सैल पडे. अकरा वर्षांत त्यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. आज खरं सांगायचं आणि त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर?

लढाईहून आलेल्या माणसांचं ते शुश्रूषागृह दुपारी पाण्याखाली असल्यासारखं वाटे. पडद्यांतून हिरवट उजेड झिरपायचा. आवाज लांबून यायचे आणि वाटेतच विरघळायचे. दारांच्या कडांना फडकी बांधलेली होती, औषधांच्या गाडीच्या चाकांना रोज तेल घातलं जाई, कारण एखादं भांडं पडलं तरी चार खोल्यांतली माणसं कॉटखाली जात. लांबलचक व्हरांड्यातून जाताना कधी कधी तिला कळेनासं होई, आपण चालतोय की फरशीच पायांखालून सरकतेय.

वाटेत मेट्रन भेटली. तिनं नेहमीप्रमाणे व्हिटॅमिनची गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला, आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. इतकी काळजी सख्ख्या बहिणीनंही घेतली नसती.

"कॅप्टन, सिस्टर आलेय. पायांकडून येतेय," तिनं दारातूनच सांगितलं. इथला नियमच तसा होता. उशाकडून कुणाजवळ जायचं नाही, बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. नवीन मुली विसरत आणि बोलणी खात. ती कधी विसरली नव्हती.

कॅप्टन गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडले होते. पांघरुणाबाहेर आलेल्या मोज्यांवर धूळ होती.

"उन्हात हिंडून आलात ना? काल सांगितलं तरी आज तेच."

"पकडलंत," कॅप्टन ओशाळून म्हणाले.

तिनं त्यांचं मनगट धरलं. छातीवर टाचलेलं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं, पण तिचं काही अडत नसे. ती मनातल्या मनात मोजायची. आज मोजताना मात्र दोनदा आकडा चुकला.

"सिस्टर, माझी सातही माणसं परत आली?"

"आली" हा शब्द जिभेवर तयार होता. तो गिळायला तिला बराच वेळ लागला. ती स्टुलावर बसली.

"नाही," ती म्हणाली.

कॅप्टन हलले नाहीत. तिला वाटलं होतं ते ओरडतील, भिंतीवर डोकं आपटतील. त्यांचे फक्त डोळे भरले.

"तुम्ही त्यांना आमच्या इस्पितळाच्या तंबूत पाठवलंत, जखमा बांधायला. बांधूनही झाल्या होत्या. मग तोफगोळा पडला."

"आणि तिथली सिस्टर?"

"ती पाणी आणायला गेली होती. सगळ्यात धाकट्याला तहान लागली होती हो. दोन मिनिटांत येते म्हणाली त्याला. बादली भरून आली, तर तंबूच नव्हता."

आपण रडतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. पेशंटसमोर रडायचं नसतं, हे तीच नव्या मुलींना बजावायची. आता कुणाला काय सांगणार?

"मी पुष्कळ विचार केला," कॅप्टन हळूच म्हणाले. "त्या सिस्टरला मी कधीच दोष दिला नाही. तुम्ही देता?"

पडदा वाऱ्यानं फुगला आणि पुन्हा खाली बसला.

"पाणी मागितलं होतं त्यानं. नाही कसं म्हणणार होती ती?"

"म्हणजे तिची चूक नव्हती."

"नाही." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तिची चूक नव्हती."

एवढं बोलल्यावर तिच्या अंगातली सगळी शक्ती गेली. कितीतरी वर्षांची झोप एकदम डोळ्यांवर आली. कॅप्टन उठून उभे राहिले. त्यांनी पांघरूण बाजूला केलं.

"आज तुम्ही पडा जरा."

"वेड लागलंय का तुम्हाला? कुणी बघितलं तर नोकरी जाईल माझी."

"मी आहे ना पहाऱ्याला."

तिला हसू आलं. ती आडवी झाली. उशीला नेमका तिच्याच डोक्याएवढा खळगा होता. हिरवा उजेड पापण्यांवरून वाहत गेला, आणि दूर कुठंतरी सात जण जेवायचे थांबून तिची वाट बघतायत असं तिला वाटलं. त्यांच्यातला कुणीच रागावलेला नव्हता.

थोड्या वेळानं डॉक्टर आवाज न करता आत आले. कॅप्टन खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"साडेचारची बस मिळेल ना मला?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मिळेल. उद्या नाही आलात तरी चालेल, कॅप्टन."

"येईन की. घरी तरी मला कोण विचारतंय, उन्हात हिंडलास का म्हणून?"

डॉक्टरांनी मान हलवली, काखेतली फाइल उघडली आणि कॉटवर झोपलेल्या सिस्टरच्या नावाखाली लिहिलं: 'पेशंट आज पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलल्या.'